तातामी आळीतले तेवीस शिक्के

मी, इसोगाई तोमे, कैलासवासी इसोगाई एइझो यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार तातामी आळी, घर क्रमांक चौदा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातला म्हणून नाही, कोणी गोड बोलले म्हणून नाही. राग आला म्हणून लिहीत आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र कायद्याला चालते का, हे मी दस्तलेखक ओचियाईबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, डोके ठिकाणावर असले म्हणजे झाले. तर डोके ठिकाणावर आहे. आज मंगळवार आहे, सकाळी जळाऊ कचरा नेऊन ठेवला, पंतप्रधानांचे नाव मला येते आणि ते घेण्याची इच्छा नाही.

डॉक्टरांनी स्वादुपिंडात गाठ सांगितली आहे. नव्या वर्षाच्या भाताच्या वड्या मी खाईन की नाही, याची त्यांना शंका आहे. अक्षर हलते आहे ते दुखण्यामुळे, मन डळमळते म्हणून नव्हे. आईबापांनी आणखी मुली नकोत म्हणून माझे नाव 'थांब' अशा अर्थाचे ठेवले. माझ्यामागून दोन मुली झाल्याच. माझ्या नावाने आजवर काहीच थांबलेले नाही, तेव्हा निदान मी मेल्यावर काही थांबावे, एवढीच खटपट आहे.

कलम एक. घर.

तातामी आळीतले माझ्या मालकीचे दुमजली लाकडी घर, पुढच्या अंगाचा चटयांचा कारखाना, माडीवरची खोली आणि मागचे अंगण, हे सर्व मी श्री. उसुई तामेकिची, वय वर्षे अडुसष्ट, यांना देत आहे. त्यांचा सध्याचा पत्ता उत्तरेकडचा तुरुंग हा आहे. येत्या नऊ मार्चला, सोमवारी, त्यांची सहा वर्षांची शिक्षा संपते. त्या दिवशी फाटकाबाहेर पडल्यावर त्या माणसाला जायला स्वतःचे छप्पर असावे, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे या कलमाला कोणी हात लावू नये म्हणून घातली आहेत.

उसुई कोण, हे आळीला ठाऊक आहे असे आळी समजते. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्या सगळ्यांना पाठ आहेत. म्हणून जरा लांबून सांगते.

मी एकतीस वर्षे मानसेवी देखरेखदार होते. आपल्याकडे कैदी मुदतीआधी सुटला की त्याच्यावर नजर ठेवायचे काम पोलिसाला देत नाहीत, गल्लीतल्या एखाद्या साध्या माणसाला देतात. त्याने महिन्यातून दोनदा त्याला घरी बोलवायचं, चहा पाजायचा, काम मिळालं का, झोप लागते का, विचारायचं, आणि सरकारला एक पान अहवाल लिहायचा. पगार नाही. पगार नाही म्हणून तर सरकारला ही पद्धत इतकी आवडते. कोण आलं, कशासाठी आत होता, हे शेजाऱ्यांना सांगायचं नाही, असा नियम. माझ्या बैठकीत एकतीस वर्षांत बेचाळीस जणांनी चहा प्यायला आणि आळीला वाटायचं, इसोगाईंकडे नातेवाईक फार.

उसुई तेरा वर्षांपूर्वी आले. तीन वेळा आत जाऊन आलेले, तिन्ही वेळा दुकानातून खाणं उचलल्याबद्दल. चौथ्या भेटीला आमचे मालक कारखान्यातून डोकावले आणि त्यांना म्हणाले, "कोपर बघू तुझं." तातामीची, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटईची, काठ-शिवण घालताना दोरा कोपराने दाबून ओढावा लागतो. ज्याच्या कोपरात जोर नाही त्याने या धंद्यात येऊ नये. उसुईंनी बाही वर केली. मालकांनी कोपर दाबून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ये म्हणाले. माझी परवानगी कोणी विचारली नाही. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते, हेही लिहून ठेवते, नाहीतर मी मोठी देवमाणूस होते असं कोणाला वाटायचं.

सात वर्षं उसुई माडीवरच्या खोलीत राहिले. सात वर्षांत या घरातली एक काडी इकडची तिकडे झाली नाही. या आळीतल्या निम्म्या घरांतल्या चटया त्यांच्या हातच्या आहेत. आळी-मंडळाचे अध्यक्ष होरिगोमेसर ज्या खोलीत बसून रोज चहा पितात, तिथली साडेचार चटयांची जमीन त्यांनीच शिवली. सरांनी तेव्हा काठाच्या शिवणीचं कौतुक केलं होतं. आता सर त्या खोलीत बसत नसतील तर मला कळवावं, मी चटया परत घेऊन जाईन.

कलम दोन. बँकेतली शिल्लक.

बँकेत आणि पोस्टात माझ्या नावे जे काही असेल ते सर्व माझा एकुलता एक मुलगा कात्सुहिरो यास मिळावे. कायद्याने मुलाला निम्म्यावर हक्क सांगता येतो. ही शिल्लक त्या निम्म्याहून जास्त भरते, ओचियाईबाईंनी मांडून पाहिलं आहे. तेव्हा कात्सुहिरो, घरावर दावा लावायला जाऊ नकोस. वकिलाची फी वाया जाईल, आणि फी वाया गेलेली तुला सहन होत नाही.

तुझ्या वडलांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, भटजी गेले, आणि तू काळा कोट न काढताच उसुईंना खाली बोलावलंस. ते दारातच बसले. तू म्हणालास, "बाबांची हौस होती, बाबांबरोबर संपली. चोराच्या भरवशावर आईला एकटी सोडून मी तोक्योला कसा जाऊ?" महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीस. कारखाना पाडून गाड्या लावायला जागा करायची, हे तू आधीच ठरवून आला होतास. नकाशा तुझ्या बॅगेत होता, मी पाहिला.

आणि मी काय केलं? मी चहा केला. तुला दिला, त्यांना दिला आणि मूग गिळून बसले. नवरा जाऊन दीड महिना झाला होता, पोटचा पोरगा काळजी दाखवत होता, मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. उसुईंनी चहा संपवला, खाली वाकून नमस्कार केला. महिनाअखेरीला कारखान्यातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून, जमीन झाडून ते गेले. मी "जेवायला येत जा" म्हटलं. ही बोलाचीच कढी होती आणि ते त्यांनाही कळत होतं.

पुढचं थोडक्यात. आपल्याकडे भाड्याने खोली घ्यायला जामीन लागतो, कामाला लागायला पत्ता लागतो, आणि पत्ता असायला खोली लागते. बासष्ट वर्षांच्या, तीनदा आत जाऊन आलेल्या माणसाला जामीन कोण राहणार? मी राहू शकले असते. त्यांनी विचारलं नाही, मी आपण होऊन गेले नाही. अकरा महिन्यांनी, फेब्रुवारीत, शेजारच्या गावातल्या दुकानात दोन भाताचे गोळे आणि भाजलेल्या मासळीचा एक डबा घेऊन ते बाहेर पडले. गल्ल्यावरच्या मुलीने बाही धरली. त्यांनी हिसडा दिला. ती पायरीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. चोरी करून पळताना माणूस जखमी केला तर तो दरोडा होतो. सहा वर्षं.

त्या मुलीचं मनगट थंडीत अजून दुखतं. मला कसं माहीत? मी तिच्या घरी माफी मागायला तीनदा गेले. दोनदा तिच्या आईने दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा मिठाईचा डबा घेतला आणि मग दार लावून घेतलं. बरोबर केलं. ते मनगट मी विसरलेले नाही, उसुई तर नाहीतच. पण कात्सुहिरो, त्या मनगटाला तुझा हात लागलेला आहे आणि माझाही. आपल्याला मात्र कोणी एक दिवस आत टाकलं नाही.

कलम तीन. अवजारे.

मालकांच्या तीन वाकड्या सुऱ्या, लांब सुया, दोरा ओढायचा आकडा, तळहाताची चामडी पट्टी आणि कामाचे दोन लाकडी घोडे, हे सर्व श्री. उसुई यांना द्यावे. होय, सुऱ्याही. ज्यांना हे वाचून धडकी भरेल त्यांनी लक्षात घ्यावं की सात वर्षं त्या सुऱ्या त्यांच्याच हातात होत्या आणि तेव्हा तुम्ही त्यांना "जरा आमच्याकडचं दारही घासून देता का" म्हणून हाक मारत होतात.

शिलाईचं यंत्र नाही, ते कात्सुहिरोने विकलं.

कलम चार. शिक्का, शाईची डबी आणि आळी-मंडळ.

मालक गेल्यावरच्या पाच वर्षांत मला अक्कल आली. वरातीमागून घोडं, पण आली. मी उसुईंना पत्र लिहिलं, मग भेटायला गेले, आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुदतीआधीच्या सुटकेसाठी जबाबदार माणूस म्हणून माझं नाव दिलं. माणूस मुदतीआधी सोडायचा तर त्याला कोणीतरी आपल्या घरी घ्यावं लागतं, आणि ते घर, ती आळी ठीक आहे ना, हे सरकार आधी पाहतं. मी माडीवरच्या खोलीची कागदी दारं नव्याने कागद लावून घेतली. नवी गादी आणली. ऑक्टोबरात ते येतील असा अंदाज होता.

सप्टेंबरात देखरेख कार्यालयातला कुगे नावाचा तरुण अधिकारी आला. सभ्य मुलगा. बूट काढून नीट लावून ठेवले, चहाला हात लावला नाही आणि एका कागदाची नक्कल माझ्यापुढे सरकवली.

"इसोगाईबाई, हा शिक्का तुमचाच ना?"

कागदावर लिहिलं होतं की, तातामी आळीतील चौदा नंबरच्या घरी गंभीर गुन्ह्यातील इसम राहावयास येण्यास आम्हा खालील रहिवाशांचा विरोध आहे. खाली तेवीस चौकोन. तेवीस घरांचे, सहीच्या जागी मारायचे आडनावांचे तेवीस लाल शिक्के. चौदाव्या चौकोनात 'इसोगाई'. सरळ, ठसठशीत, जरासुद्धा तिरका नाही.

आमच्याकडे फिरती पाटी असते. कचऱ्याचे वार, भूकंपाची कवायत, शाळेचे खेळ, असले कागद चिमट्याला लावलेली एक पाटी घरोघर फिरते. आली की आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. लग्न होऊन आल्यापासून चौपन्न वर्षं ती माझ्याकडे येते आहे. माझ्या घरी ती एका मिनिटाहून जास्त कधी राहिली नाही. मला त्याचा अभिमान होता. सासूबाई म्हणायच्या, पाटी ज्या घरात अडकते त्या घरची सून आळशी. त्या दिवशी चुलीवर मुळा शिजत होता. मी ओल्या हाताने शिक्का मारला आणि पंधरा नंबरला पाटी देऊन आले. पंधरा नंबरवाली म्हणाली, "काय बाई तुम्ही, कित्ती लगेच."

मी तशीच होरिगोमेसरांकडे गेले. सर शाळेत उपमुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरात पट्टीसारखे ताठ बसतात. मी म्हटलं, माझ्याच घराविरुद्धचा कागद माझ्याच घरी पाठवलात?

"इसोगाईबाई, पाटी प्रत्येक घरी जाते. तुमचं घर वगळलं असतं तर तो तुमचा अपमान झाला असता," सर म्हणाले.

मी म्हटलं, तोंडाने सांगायचं तरी होतंत. त्यावर म्हणाले, लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खरंच मोठ्या अक्षरांत होतं. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याच्या सूचनेखाली तिसरा कागद.

मग मी घरोघर गेले, भांडायला. पदर खोचून गेले म्हणा, आमच्याकडे पदर नसतो, पण गेले तशीच. आणि भांडायचं कोणाशी? टोफूवाल्या मुनाकाताबाई कणकेसारख्या पांढऱ्या पडल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ते बॅटऱ्यांचं नव्हतं का?" सात नंबरवाला म्हणाला, भूकंपाचं असेल. अकरा नंबरची सून म्हणाली, सासूबाई मारतात शिक्का, सासूबाईंना दिसत नाही. माझं घर सोडून बावीस घरं. त्यातल्या एकोणीस घरांनी तो कागद वाचलाच नव्हता. माझ्यासकट वीस. कोणाच्या मनात उसुईंबद्दल काही वाईट नव्हतं. काहीच नव्हतं मनात. नुसता शिक्का होता. राग ठेवायला जागा सापडेना म्हणजे काय होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. घरी येऊन मी मुळ्याचं पातेलं मोरीत आपटलं.

कुगेसाहेब म्हणाले होते, नवा अर्ज आणा, पाठिंब्याचा, सुनावणीपुढे ठेवतो. मी लिहिला. आणि या वेळी पाटीला लावून पाठवला नाही. प्रत्येक दारात उभी राहून मोठ्याने वाचून दाखवला. तर प्रत्येक जण म्हणाला, असा विषय आहे होय, मग विचार करावा लागेल. नवऱ्याला विचारते. मुलांना विचारतो. बघू. बावीसपैकी तीन शिक्के मिळाले. एक माणूस डांबून ठेवायला या आळीला एक मिनिट लागलं होतं, तेही न वाचता. वाचल्यावर मात्र सगळ्यांना विचार करायचा होता, आणि तो विचार अजून चालूच आहे.

अर्ज नामंजूर झाला. कारण: आसपासचे वातावरण अनुकूल नाही. सतरा महिने. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरापासून येत्या मार्चपर्यंत सतरा महिने त्या माणसाला जास्तीचे आत बसावं लागतंय. तेव्हा मी जिने चढत होते, चटया उचलत होते, दोघांचं जेवण करू शकत होते. ते सतरा महिने मला आता कोणी आणून देणार नाही.

मी उत्तरेला जाऊन त्यांना सांगितलं. काचेपलीकडे ते बसले होते, शेजारी वही घेऊन पहारेकरी. तिथे मान वळवायलाही विचारावं लागतं. मी सगळं सांगितलं, शिक्का माझा होता, हेही सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी रागवावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले,

"मालकीणबाई, सात वर्षं तुमच्याकडच्या पाटीवर मीच तर शिक्का मारत होतो. मीही एकदासुद्धा वाचली नाही."

मग वेळ संपली. मी आगगाडीत चार तास रडले आणि मला माझी फार लाज वाटली. मला माफी नको होती. मला शिव्या हव्या होत्या.

तर आता वाटणी. माझा रोजच्या वापरातला लाकडी शिक्का माझ्याबरोबर जाळावा. विसरून मागे ठेवू नये. शाईची डबी तातामी आळी-मंडळाला द्यावी. काठोकाठ भरलेली आहे, पुष्कळ कागदांना पुरेल.

कलम पाच. मानपत्रे.

मंत्र्यांच्या सहीची दोन आभारपत्रे आणि एक काचेची पट्टी, ज्यावर 'उजळ समाजासाठी' असे कोरलेले आहे, ती देखरेख कार्यालयाला परत करावी. त्यांच्याकडे पुढच्या म्हातारीला द्यायला कामी येतील. म्हाताऱ्याच उरल्या आहेत. तरुण कोणी हे काम घेत नाही आणि का घ्यावं?

यंदाच्या जूनपासून कायदा बदलला. शिक्षेचं नाव बदललं. आता माणूस सुधारावा म्हणून आत ठेवणार म्हणे. कुगेसाहेबांनी मला रंगीत पत्रक आणून दिलं. मी ते दोनदा वाचलं, हल्ली मी सगळं वाचते. आत काय शिकवणार ते पानभर आहे. सुटल्याच्या दिवशी दुपारी तो माणूस कुठे जेवणार, ते कुठेच नाही. शिवायला शिकवतील, हिशेब शिकवतील, राग आवरायला शिकवतील. बाहेरच्यांना कोण शिकवणार आहे? उसुईंना राग आवरायची गरज कधीच नव्हती. त्यांना एक दार हवं होतं.

कलम सहा. कबर.

इसोगाई घराण्याच्या कबरीची देखभाल माझ्यामागे श्री. उसुई यांनी करावी. आणि त्यांच्या अस्थींना त्याच कबरीत जागा द्यावी. मंदिरातल्या गुरुजींना मी विचारलं आहे, ते आधी खोकले आणि मग हो म्हणाले. तुरुंगात मेलेल्या आणि कोणीही न्यायला न आलेल्या माणसांची मडकी मी एकतीस वर्षांत फार पाहिली, फळीवर ओळीने, नंबर लावून. आमच्या माणसाचं मडकं त्या फळीवर जाणार नाही. कात्सुहिरो, तुला हे अपमानास्पद वाटेल. गेली चार वर्षं तू वडलांच्या कबरीवर आलेला नाहीस. तिथले शेवाळ मी घासते. घासायची तयारी असेल तर उसुईंना सांगून ये, ते नको म्हणणार नाहीत.

कलम सात. साक्षीदार.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं ओचियाईबाई म्हणाल्या. मला लागतात. "म्हातारी भ्रमिष्ट झाली होती" असं उद्या म्हणणारा पहिला माणूस होरिगोमेसर असणार, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं. दुसऱ्या मुनाकाताबाई.

इथपर्यंतचं लिहून झाल्यावर आज दुपारी दोघं आले. सरांनी चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. स्वतःबद्दलचंही वाचलं. मुनाकाताबाई खाली बघून बसल्या होत्या. सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पुन्हा आत ठेवली. मग म्हणाले,

"बाकीच्यांचं खरं असेल. मी मात्र तो कागद वाचला होता. मीच लिहिला होता. त्या मुलीचं मनगट तुम्हीच इथे लिहिलंय, आणि माझी नात रोज चार वाजता तुमच्या दारावरून शाळेतून येते. मी आजही लिहीन."

मी म्हटलं, सात वर्षं तो माणूस तुमच्या घरी चटया शिवायला येत होता, तेव्हा?

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणून सात वर्षं तुम्हाला झोप छान लागली," मी म्हटलं.

मुनाकाताबाईंनी उगाच चहा ओतला. शेवटी सरांनी शिक्का काढला.

"तुम्ही शहाण्या आहात, याला मी साक्ष देतो. बरोबर आहात, याला देत नाही."

मी म्हटलं, तेवढंच हवं होतं. आणि हेही लिहून ठेवते की तेवीस घरांत हा एक माणूस असा निघाला, ज्याच्याशी भांडता आलं. त्याच्याबद्दलचा राग गेलेला नाही, पण तो राग कुठे ठेवायचा, ते तरी मला आता ठाऊक आहे.

कलम आठ. श्री. उसुई तामेकिची यांस.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम दस्तलेखक ओचियाईबाईंकडे दिले आहे. त्या घराची किल्ली नोंदणी टपालाने तुरुंगाकडे पाठवतील, आणि सुटताना तुमच्या सामानाबरोबर ती तुम्हाला मिळेल. फाटकाशी कोणी नसेल. मी येणार होते, तसा शब्द दिला होता, तो मोडते आहे, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. स्टेशनवर गरम शेवया मिळतात, त्या खा. पाकिटात किल्लीबरोबर त्याचे पैसे असतील. कुठलंही दुकान असो, हात खिशात न घालता आत जा आणि ताठ मानेने पैसे द्या.

तेरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही आमच्या दाराबाहेर नुसते उभे राहिलात. दाराच्या कागदावर सावली दिसत होती. मला वाटलं, विक्रेता असेल, कंटाळून जाईल. अर्धा तास झाला तरी सावली हलेना, तेव्हा मालकांनी उठून दार उघडलं. मग कळलं की आत असताना कैदी दाराला हात लावत नाही. पहारेकरी उघडेपर्यंत समोर उभा राहतो. तुमचा हात दार उघडणं विसरला होता. पुढे महिनाभर तुमची सावली दिसली की आम्हा दोघांपैकी कोणीतरी उठत असे.

या वेळी कितीही वेळ उभे राहिलात तरी आतून कोणी उठणार नाही. मालक नाहीत, मी नाही. आळीतली माणसं पडद्याआडून बघत असतील, बघू द्या. दार तुमचं आहे, कागदोपत्री तुमचं, आणि ते तुम्हालाच उघडायचं आहे. खालची खाच झिजली आहे, म्हणून डाव्या हाताने जरा उचलून सरकवा. आत आलात की दार लावा आणि आतल्या बाजूने कडी घाला. गादी माडीवर आहे. सकाळी तुम्हाला कोणी नंबरने हाक मारणार नाही, हवं तेवढं झोपा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मग त्यावर माझा नोंदणीकृत शिक्का उमटवला.

इसोगाई तोमे (शिक्का)

साक्षीदार:
१. होरिगोमे तेत्सुओ, घर क्रमांक तीन. लिहिणारी शुद्धीवर होती, एवढ्यापुरती साक्ष. (शिक्का)
२. मुनाकाता साची, टोफूचे दुकान, घर क्रमांक नऊ. (शिक्का)

स्थळ: तातामी आळी, घर क्रमांक चौदा, कारखान्यातील कामाचे घोडे जोडून केलेल्या मेजावर.
दिनांक: अकरा नोव्हेंबर, रेवा शकाचे सातवे वर्ष (सन २०२५).